सातवी काच

दिनकररावाला मी तोंडावर अहोजाहो करतो. कागदावर करणार नाही.

बोरीच्या देशपांड्यांचा हा मुलगा. हैदराबादला शिकला, मग विलायतेला गेला आणि परत येऊन हैदराबादच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागला. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी पडली की तो आपल्या मुलखात यायचा. गाडीत एक कंदिलाची पेटी, काचांचा डबा, तीन पायांचा कॅमेरा आणि उकळलेल्या पाण्याची सुरई. गावोगाव फिरून शाळेतल्या पोरांना आणि 'सामान्य जनतेला' युरोपातला जुना काळ समजावून सांगायचा. त्याला कुणी बोलावत नव्हतं.

फसली तेराशे पन्नासच्या, म्हणजे इंग्रजी एकेचाळीसच्या वैशाखात तो आमच्या चारठाण्याला आला. माझी बायको बायना त्याच्या आधी माघात गेली होती. हिवतापानं, नऊ दिवसांत.

पुढचं कळायला बारवेवरच्या आईबद्दल सांगावं लागेल. आमच्या गावात जुनी देवळं आहेत, त्यांतल्या पडक्या देवळाजवळ पायऱ्यांची बारव आहे. बारवेच्या तोंडाशी लिंबाखाली ही आई, गावची देवी, उभी असायची. कमरेइतकी उंच, सगळी शेंदराची, कवड्यांचे डोळे. तिचा मान आमच्या घराकडे. घरातल्या सवाष्णीनं दर मंगळवारी तेलात शेंदूर कालवून आईला लावायचा. पुरुषानं हात लावायचा नाही. माझ्या आईनं लावला, आजीनं लावला, तिच्या सासूनं लावला. एकावर एक बसून शेंदराचा थर वीतभर जाड झाला होता. नाक, ओठ, गाल, सगळं बायकांनी बोटांनी दाबून राखलेलं. बायनानं हे काम एकवीस वर्षं केलं.

शेवटच्या मंगळवारी तिच्या अंगात ताप होता. शेंदूर लावून झाल्यावर आईला कुंकू लावताना तिचा तोल गेला असावा. अंगठा कपाळात रुतला. तिच्या अंगठ्यावर विळा लागल्याची तिरपी खूण होती, ती खूणसुद्धा शेंदरात उठली. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणाला लागली. शेंदूर वाळला, खूण तशीच राहिली.

बायना गेल्यावर आमच्या घरात सवाष्ण उरली नाही. मान दुसऱ्या घराला द्यायला हवा होता. शेजारच्या कडूबाईची सून तयार होती. पण नवा लेप बसला की खूण बुजणार. मी आज देतो, उद्या देतो करत राहिलो. रोज सकाळी बारवेवर जाऊन कपाळ बघायचं आणि शेताला जायचं. तीन महिने आई कोरडी राहिली. कडूबाई म्हणायची, "आश्रुबा, आईच्या अंगाला भेगा पडायल्यात. तुला काय वाटतं का न्हाई?" मी ऐकून घ्यायचो.

तर हा दिनकरराव आला. सभेला जिंतूरहून परवानगी आणलेली होती. पोलिसांचा एक जवान दाराशी येऊन बसला, कोण काय बोलतं ते लिहून घ्यायला. तो पहिल्या पाच मिनिटांत झोपला. त्या दिवशी तिथं शहाणा तेवढा तोच निघाला.

भर दुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. आत शाळेची पोरं, मागं गाव. बायका एका अंगाला. घामाचा आणि घोंगड्यांचा वास, त्यात कंदिलाचा धूर. पोलीस पाटील व्यंकटराव पुढच्या बाकावर बसले होते आणि दिनकररावानं तोंड उघडायच्या आधीपासूनच मान हलवत होते.

दिनकरराव बोलायला लागला. मराठीच बोलत होता. बोरीत जन्मलेला माणूस, पण पुण्याच्या पुस्तकांतून मराठी शिकून आल्यासारखा. "मध्ययुगीन मनोवृत्ती," म्हणाला. "विद्येचे पुनरुज्जीवन," म्हणाला. "मानवकेंद्रित दृष्टी." लोक एकमेकांकडं बघायला लागले. मी चार बुकं शिकलेलो. गावाची पत्रं मी वाचतो आणि लिहितो. म्हणून मागून आवाज आला, "आश्रुबा, काय म्हणायलाय रं ह्यो?"

दिनकररावानं हसून मला पुढं बोलावलं. "आपण सुलभ करून सांगा," म्हणाला. अशा रीतीनं मी मराठीचं मराठीत करून सांगायला उभा राहिलो.

"साहेब म्हणतेत," मी सांगितलं, "तिकडचे लोक हजार वर्षं झोपले होते. मग जुनी पुस्तकं सापडली, जुन्या मूर्ती सापडल्या, आन ते जागे झाले. आपुन अजून झोपलोय."

"झोपलोय तर उन्हाचं इथं कामून बसलोय?" कडूबाई म्हणाली.

पोरं हसली. व्यंकटरावांनी मागं वळून डोळे वटारले.

दिनकरराव एकेक काच कंदिलात सरकवत होता आणि भिंतीवर ताणून लावलेल्या धोतरावर चित्र उमटत होतं. पहिलं एक देऊळ, उंच, टोकदार. दुसरं राजाचं. तिसऱ्याला एक दगडी पुरुष आला. बाप्या माणूस, अंगावर सूतसुद्धा नाही.

मग कडूबाईचा आवाज आला. "ह्याला धोतर न्हाई का?"

"मानवी देहाचे सौंदर्य," दिनकरराव म्हणाला.

मी हे सुलभ करून सांगितलं नाही. कडूबाई उठली. "चला गं बायांनो. पोरी घेऊन आलोय, आन ह्यो काय दाखवायलाय." सगळ्या बायका उठून गेल्या. दिनकररावानं कपाळावर आठी घातली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "यात त्यांचा दोष नाही. अज्ञान पिढीजात असते."

त्याला वाटलं असेल, मी त्याच्या बाजूचा आहे.

पाचवी काच इटलीतल्या एका देवळाच्या भिंतीची होती. भिंत काळीठिक्कर. दिनकररावानं सांगितलं, शेकडो वर्षं भाविकांनी मेणबत्त्या लावल्या, त्यांची काजळी बसली. सहावी काच त्याच भिंतीची, पुसून काढल्यानंतरची. आत निळ्या कपड्यातली बाई, मांडीवर पोर. चित्र चांगलं होतं. खोटं कशाला बोलू. पोरांनी तोंडं उघडी टाकली. व्यंकटराव म्हणाले, "वा."

मग दिनकररावानं हात मागं बांधले. "आपल्याच गावी बारवेजवळ एक मूर्ती आहे. वरील शेंदराखाली माझ्या मते तेराव्या शतकातील अप्रतिम शिल्प दडलेले आहे. अज्ञ जनांच्या हातचा तो मळ आपण उद्या विद्यार्थ्यांसमक्ष दूर करू. प्रत्यक्ष पाहणे हेच खरे शिक्षण."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी तेव्हा जे केलं ते सांगतो. मी गोड करून सांगू शकलो असतो. लपवू शकलो असतो. मी मनात म्हणालो, उघडं सांगतो, म्हणजे गाव पेटेल आणि हा सुरई घेऊन पळेल. म्हणून मोठ्यानं सांगितलं. "साहेब म्हणतेत, बारवेवरच्या आईला आपल्या आयाबायांनी जे लावलं ती घाण हाय. उद्या ते ती घाण खरडून काढणार हायत. खाली खरी मूर्ती हाय म्हणतेत. चालंल का तुमाला?"

कुणी उठलं नाही. ज्यांनी उठावं त्या सगळ्या मघाशी त्या नागड्या दगडाला बघून घरी गेल्या होत्या. उरलेले बापे धोतरावरच्या त्या निळ्या बाईकडं बघत बसले होते. विलायतेहून आलेल्या माणसापुढं आपण अडाणी दिसू नये, एवढीच प्रत्येकाला काळजी. व्यंकटराव म्हणाले, "साहेब म्हणतेत तर काय हरकत हाय?" मागून दोघातिघांनी हो हो केलं. असलं हे गाव. आणि मी त्यातलाच. मी स्वतःच्या तोंडानं विचारलं होतं, पण नको म्हणालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकररावानं आधी आईचा फोटो काढला. तीन पायांवर कॅमेरा ठेवला, काळं फडकं डोक्यावर घेतलं. पुढून उजेड सपाट पडतो म्हणून बाजूला एका पोराच्या हातात आरसा दिला आणि कवडसा आईच्या तोंडावर तिरपा पाडला. तेवढ्या कामात मात्र त्यानं हयगय केली नाही.

मग गवंडी मुंजाजीला बोलावलं. मुंजाजी छिन्नी घेऊन आला आणि आईपुढं बसून राहिला.

"पाटील, माझा हात उठंना," म्हणाला.

"तुझा हात कशाला उठतो? माझा हुकूम हाय, त्यो उठंल," व्यंकटराव म्हणाले.

मुंजाजीनं आईला नमस्कार केला. उकळतं पाणी ओतलं आणि तीन महिन्यांत पडलेल्या भेगांमध्ये पाचर बसवली. त्या भेगा माझ्यामुळं पडल्या होत्या. दर मंगळवारी तेल गेलं असतं तर पाचर शिरलीच नसती. शेंदराची खपली ढेकळासारखी सुटायला लागली. आत थरावर थर, लाल, काळपट लाल, तपकिरी. कपाळाचा तुकडा पडला तसा मी पुढं होऊन उचलला.

"त्याचे काय करणार?" दिनकररावानं विचारलं.

"ठेवणार."

"तो केवळ मळ आहे."

"असू द्या."

तासाभरात सगळं खाली आलं. आत मूर्ती नव्हती. तोंड नव्हतं, हात नव्हते. कुठल्या तरी दाराच्या चौकटीचा मोडका तुकडा उभा रोवलेला होता आणि त्याच्या एका कडेला हंसांची रांग होती. पाच हंस. त्यांतल्या दोघांना चोची नाहीत.

पोरं दिनकररावाकडं बघायला लागली. त्यानं खिशातून रुमाल काढला, हात पुसले. "सर्वसाधारण आहे," म्हणाला. "असे तुकडे या भागात ढिगाने पडले आहेत." तरी त्याचाही फोटो काढला, सुरईतलं पाणी प्यायला आणि दुपारी पोखर्णीच्या रस्त्याला लागला. सगळं गाव ज्या तोंडाकडं बघून शंभर वर्षं हात जोडत होतं, ते तोंड दगडाचं नव्हतंच, बायकांच्या बोटांचं होतं. हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. आलं असतं तरी त्यावर त्यानं एक व्याख्यानच दिलं असतं.

संध्याकाळी कडूबाईनं बारवेवर उभं राहून गावाला शिव्या घातल्या. व्यंकटरावांना नाव घेऊन घातल्या. ते घरात बसून ऐकत होते. मग तिनं पदरात खपलीचे तुकडे गोळा केले. आमच्याकडं रीत अशी, की आईची खपली पडली तर फेकायची नाही. कुटून, चाळून नव्या शेंदरात मिसळायची. जुन्यातली आई नव्यात आली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली.

"आश्रुबा, कपाळ कुठाय?"

"मला काय माहीत?"

"मुंजाजीनं सांगितलं. आन इकडं."

मी पेटी उघडली नाही. म्हणालो, "काकी, त्यात बायनाचा अंगठा हाय."

"मला म्हाईत हाय. मी चारदा बघितलाय."

"मग?"

"मग काय? गावाची आई बिनकपाळाची ठेवतो का? त्यो दिनकऱ्या घेऊन गेला असता तर तू त्याला चोर म्हणला असतास." ती उंबऱ्यावर बसली. "बायना ते तुझ्यासाठी करत न्हवती, आश्रुबा. आईसाठी करायची. तू नुसता तिचा नवरा."

मला तिचा राग आला. अजून आहे. पण दिनकरराव जुन्या वस्तू काचांवर उतरवून डब्यात बंद करतो म्हणून मी त्याला नावं ठेवत होतो आणि माझ्या पेटीत काय होतं? मी तुकडा काढून दिला. कडूबाईनं त्या खळग्यात स्वतःचा अंगठा ठेवून बघितला. "लय मोठा अंगठा होता बाई," म्हणाली. माझ्याच अंगणात, माझ्याच उखळात तिनं तो कुटला. मी तिथंच उभा होतो. दहा-बारा घावांत झालं.

नवी आई झाली. कडूबाईच्या सुनेनं केली. एक डोळा वर बसलाय, एक खाली. हनुवटी तर नाहीच. मी दर मंगळवारी जाऊन सांगतो, डोळे वाकडे आहेत. कडूबाई म्हणते, "वाकडे तर वाकडे. तुला जेवायला बोलावलंय का?"

पुढच्या वैशाखात दिनकरराव पुन्हा आला. मला वाटलं होतं, त्याला लाज वाटेल. लाज वाटायला माणसाला आपलं काही चुकलं असं कळावं लागतं. व्यंकटरावांनी मला बोलावणं पाठवलं. मी गेलो. याच्या तोंडावर बायका काय बोलतात ते मला ऐकायचं होतं.

पण बायका आल्याच नाहीत. पुन्हा घोंगड्या, पुन्हा धूर, पुन्हा व्यंकटरावांची मान. टोकदार देऊळ, राजा, नागडा दगड. काळी भिंत. निळी बाई. मी सुलभ करून सांगत होतो. आता पाठच झालं होतं.

"आता याच तत्त्वाचे आपल्या प्रांतातील उदाहरण," दिनकरराव म्हणाला आणि सातवी काच सरकवली.

धोतरावर आई उभी राहिली. जुनी आई. नाक, गाल, दोन्ही डोळे सरळ. आडव्या धोतराच्या या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं तोंड. आणि कपाळावर सुपाएवढा खळगा. आरशाचा कवडसा तिरपा पडलेला, म्हणून खळग्यातली रेघन्‌रेघ उठलेली. मधोमध विळ्याची खूण, माझ्या वितीएवढी लांब.

"हा वरील मळ," दिनकरराव म्हणाला. "अज्ञ हातांनी चढवलेला. विशेषतः कपाळावरील हा ओबडधोबड ठसा पाहा. सांगा त्यांना."

मी लोकांकडं वळलो. पोरं होती, मुंजाजी होता, दाराशी नवा जवान झोपला होता.

"ह्यो बायनाचा अंगठा हाय," मी सांगितलं. "नीट बघून घ्या."

मुंजाजीनं डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.

दिनकरराव बोरीचा आहे. त्याला आमची बोली पुरती कळते, कळत नसल्याचं नाटक करतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग आठव्या काचेला हात घातला.

"साहेब, राहू द्या," मी म्हणालो.

"पुढे बरेच आहे."

"राहू द्या म्हणलं ना."

"काच तापते," तो म्हणाला. "कंदिलात फार वेळ ठेवली तर तडकते. शंभर मोजेपर्यंत फार तर."

"मग शंभर मोजा."

त्यानं मोजले. मनातल्या मनात, ओठ हलवत, पोरासारखे. मी पाठ फिरवून आईकडं बघत राहिलो. मग धोतरावर पाच हंस आले आणि तो म्हणाला, "हे खरे शिल्प." मी सांगितलं, "साहेब म्हणतेत, हे खरं." एक पोर हसलं.

सभा संपल्यावर मी त्याच्याकडं ती काच मागितली. आयुष्यात कुणापुढं इतका वाकलो नव्हतो. तो म्हणाला, काच कॉलेजच्या मालकीची आहे, नोंद झालेली आहे, देता येत नाही. छाप काढून पाठवतो म्हणाला. पाठवला नाही. मी दोन पत्रं लिहिली. तिसरं लिहिलं नाही. नंतर भेटल्यावर म्हणाला, "कामाच्या व्यापात राहून गेले." त्याच्याकडून दुसरं काय होणार होतं?

मात्र काच नाकारली त्या दिवशीच मी त्याला एक विचारलं. "पुढं कुठं जाणार साहेब?"

"परवा जिंतूर, नंतर बोरी."

"तिकडं सुलभ करून सांगायला कुणी हाय का?"

त्यानं चष्मा पुसला. त्याला वाटलं, त्याची विद्या मला लागली. अजूनही त्याला तसंच वाटतं. कुठल्याशा सभेत त्यानं माझ्याकडं बोट करून सांगितलं, की या शेतकऱ्याला मध्ययुगाची गोडी लागली आहे, हेच आमच्या श्रमाचे चीज. मी ते लोकांना सुलभ करून सांगितलं. "साहेब म्हणतेत, मी त्यांच्या मागं का फिरतो ते त्यांना कळलंय."

चार वर्षं झाली. वैशाख आला की मी औत सोडतो आणि त्याच्या गाडीमागं चालत जातो. त्याच्या सुरईतलं पाणी पीत नाही. माझं पाणी मी नेतो. टोकदार देऊळ आणि नागडा दगड मला पाठ आहेत, झोपेतही सांगेन. सातवी काच आली की मी लोकांना सांगतो कोणाचा अंगठा आहे ते. बोरीच्या लोकांना माहीत आहे, पोखर्णीच्या लोकांना माहीत आहे. जिंतूरची पोरं तर आता आधीच ओरडतात, "बायनाकाकीचा अंगठा!" दिनकरराव ऐकतो, शंभर मोजतो. मागच्या साली काचेच्या एका कोपऱ्याला तडा गेला. कपाळापर्यंत अजून आलेला नाही.

उद्या पहाटे बोरीला निघायचं आहे. भाकरी बांधून ठेवली आहे.